रेषा जिथे छेदते

मेणबत्ती पेटवली आणि मोजायची राहिली.

भाचीला रेषेचा चढ म्हणजे काय ते दाखवायचं होतं. त्यासाठी आलेखाचा कागद, टोक केलेली पेन्सिल, पट्टी आणि मोबाइलवरचं घड्याळ अशी सगळी मांडामांड झाली होती. वात धरली, ज्योत स्थिर झाली, आम्ही दोघी तिच्याकडे बघत बसलो, आणि बऱ्याच वेळानं तिलाच आठवलं, "मावशी, अगं मुळात केवढी होती ही?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. विझवून दुसरी लावावी असं क्षणभर मनात आलं. मग म्हटलं, राहू दे. आपल्याला जे शोधायचंय ते हेच तर आहे.

पेटवल्याची वेळ तेवढी नोंदवलेली होती, ठीक पाच. पाच वीसला पट्टी बशीला टेकवून उभी धरली आणि वितळलेल्या मेणाच्या कडेपर्यंत मोजलं. १७ सेंटिमीटर भरले. मग अर्धा तास थांबून पाच पन्नासला पुन्हा मोजलं, तर १५.५. आडव्या अक्षावर मिनिटं, उभ्या अक्षावर उंची असं ठरवून तिनं दोन ठिपके दिले: (२०, १७) आणि (५०, १५.५). त्यांतून पट्टीनं रेष ओढली. ती डावीकडून उजवीकडे उतरत गेली.

"आता चढ काढ," मी म्हटलं.

तिनं वहीत लिहिलं: १७ वजा १५.५ भागिले ५० वजा २०. उत्तर ०.०५. खाली दोन रेघा मारून वही माझ्यापुढे सरकवली. मी तिला एवढंच विचारलं, की ह्या उत्तराप्रमाणे तासाभरानं मेणबत्तीचं काय होईल? ती बोलता बोलता थांबली. चढ धन आला, म्हणजे मिनिटागणिक उंची वाढायला हवी. समोर तर मेण ओघळत होतं.

चूक कुठे झाली होती ते तिचं तिलाच सापडलं. वरच्या वजाबाकीत तिनं पहिला बिंदू आधी घेतला होता आणि खालच्या वजाबाकीत दुसरा. कुठलाही बिंदू आधी घेतला तरी चालतं, पण वर जो आधी घेतला तोच खालीही आधी घ्यायचा. १५.५ वजा १७ म्हणजे वजा १.५. त्याला ५० वजा २० म्हणजे ३० नं भागलं की वजा ०.०५. दर मिनिटाला अर्धा मिलिमीटर कमी. सूत्र पाठ असणाऱ्यांचीही इथे हमखास गफलत होते, आणि ती नुसत्या कागदावर लक्षात येत नाही. समोर जळणारी एखादी वस्तू असली की लगेच लक्षात येते.

आपल्या भाषेत ह्याला 'चढ' म्हणतात हे मला फार आवडतं. रोजच्या बोलण्यात चढ आणि उतार हे जोडीनं येतात, आपण चढउतार असा एकच शब्द करून टाकलाय. गणितानं त्यातला एक शब्द उचलला आणि दुसऱ्याचं काम चिन्हावर सोपवलं. चढ धन असेल तर रेषा उजवीकडे वर जाते, ऋण असेल तर खाली येते. रस्त्याचं तसं नसतं, जाताना जो चढ तोच येताना उतार. रेषेला मात्र आपण एक दिशा ठरवून दिलेली असते, कायम डावीकडून उजवीकडे वाचायचं, म्हणून तिचा उतार हा उतारच राहतो. तुम्ही कुठल्याही दोन बिंदूंवर उभे राहा, वजा ०.०५ ते वजा ०.०५. किंबहुना सरळ रेषा म्हणजे काय, ह्याचं मला पटलेलं उत्तर हेच आहे. कुठेही मोजा, चढ तोच.

आणि हा चढ नुसता आकडा नाही. त्याला एकक आहे, सेंटिमीटर दर मिनिटाला. हे विसरलं की मुलं चढ म्हणजे रेषा दिसायला किती तिरकी आहे ते, असं धरून चालतात. भाचीनं आडव्या अक्षावर एका चौकटीला दहा मिनिटं घेतली होती. तिनं पन्नास घेतली असती तर तीच मेणबत्ती कागदावर कड्यासारखी कोसळताना दिसली असती, आणि चढ तरीही वजा ०.०५ च राहिला असता. चढ म्हणजे कोनाचं टॅन, हे दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण घेतलं असेल तेव्हाच कोनमापक लावून पडताळता येतं. त्रिकोणमितीच्या तासाला हे कुणी सांगत नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

आता मुळातल्या उंचीकडे. पाच वीसला उंची १७ होती आणि दर मिनिटाला ०.०५ नं घटत होती, तर वीस मिनिटांत १ सेंटिमीटर गेला असणार. म्हणजे सुरुवातीला १८. तिनं पट्टी ठेवून रेष डावीकडे मागे नेली. ती उभ्या अक्षाला बरोबर १८ पाशी जाऊन भिडली. खोक्यात त्याच मापाची एक न वापरलेली मेणबत्ती होती, ती काढून मोजली. अठरा आणि वर जेमतेम एक मिलिमीटर. भाची काहीच बोलली नाही. नुसतीच एकदा नव्या मेणबत्तीकडे आणि एकदा कागदाकडे बघत राहिली.

रेषा अक्षाला जिथे छेदते त्या ठिकाणच्या मापाला पुस्तकात अंतःखंड म्हणतात. वर्गात सगळे इंटरसेप्टच म्हणतात आणि त्यात काही बिघडत नाही. उभ्या अक्षावरचा अंतःखंड सांगतो, आडवी राशी शून्य असताना काय होतं. आडव्या अक्षावरचा सांगतो, उभी राशी शून्य कधी होईल. आमच्या रेषेचं समीकरण झालं य = −०.०५क्ष + १८. क्षला शून्य केलं की १८ उरतात. यला शून्य केलं की ०.०५क्ष = १८, म्हणजे क्ष = ३६०. तीनशे साठ मिनिटं, सहा तास. म्हणजे रात्री अकराला ही संपणार.

"अकरापर्यंत मी जागणार," तिनं जाहीर केलं.

ती वही मिटेपर्यंत माझं मन मात्र माझ्या शाळेत जाऊन पोहोचलं होतं. तिथे मला ह्याच गोष्टी सूत्रांच्या रूपात मिळाल्या होत्या. समीकरण अक्ष + बय + क = ० असं असेल तर चढ वजा अ भागिले ब, एक अंतःखंड वजा क भागिले अ, दुसरा वजा क भागिले ब. तीन सूत्रं, तिन्हींत वजा, तिन्हींत भागाकार आणि तीच तीन अक्षरं. ती फळ्यावर लिहिली गेली, आम्ही उतरवून घेतली, पाठ केली. परीक्षेत ३क्ष + ४य = १२ ह्या रेषेचा आलेख काढायला आला. क्षच्या मागे ३ आहे म्हणून मी आडव्या अक्षावर ३ पाशी ठिपका दिला, यच्या मागे ४ म्हणून उभ्या अक्षावर ४ पाशी. सुबक रेष ओढली, बाण काढले, नाव दिलं. उत्तरपत्रिका परत आली तेव्हा त्या रेषेवर लाल फुली होती. का चुकलं ते विचारायला गेले तर 'सूत्र नीट पाठ कर' एवढंच उत्तर मिळालं. पाठ तर होतं. त्याचा अर्थ मला कुणी सांगितला नव्हता.

तो अर्थ मला बऱ्याच वर्षांनी, घागर-बादलीच्या हिशेबातून लागला. समजा बारा लिटरचं पिंप भरायचंय. हाताशी दोन भांडी, एक तीन लिटरचं, एक चार लिटरचं. तीन लिटरचं क्ष वेळा ओतलं आणि चार लिटरचं य वेळा, तर ३क्ष + ४य = १२. आता फक्त तीन लिटरचंच भांडं वापरायचं ठरवलं, म्हणजे य शून्य केला, तर ते चार वेळा ओतावं लागेल. फक्त चार लिटरचंच वापरलं तर तीन वेळा. म्हणजे क्षच्या अक्षावर ४ आणि यच्या अक्षावर ३. ज्याच्यामागचा आकडा मोठा त्याचा अंतःखंड लहान, कारण भांडं मोठं असलं की फेऱ्या कमी. माझी चूक नेमकी उलटी होती, आणि तशी ती चूक जगभरातली मुलं करतात, कारण डोळ्यासमोर ३ दिसतो तर हात ३ कडेच जातो.

ह्याच पिंपातून चढही वर येतो. चढ आहे वजा तीन-चतुर्थांश. म्हणजे लहान भांडं चार वेळा जास्त ओतलंत तर मोठं तीन वेळा कमी ओतावं लागेल. लहान एकदा जास्त, तर मोठं पाऊण वेळा कमी. चढ म्हणजे इथे अदलाबदलीचा दर. एकाच्या बदल्यात दुसरं किती सोडायचं, ते तो सांगतो. अशा प्रश्नात ऋण चिन्ह कुठून आलं हे मग पाठ करावं लागत नाही. एक वाढलं की दुसरं घटणारच, पिंप तेवढंच आहे.

समीकरण दोन्ही बाजूंना १२ नं भागलं की क्ष/४ + य/३ = १ असं होतं, आणि दोन्ही अंतःखंड छेदातच, म्हणजे भागणाऱ्या आकड्यांच्या जागी, बसलेले दिसतात. मला हे रूप सगळ्यांत देखणं वाटतं. य = मक्ष + क हे रूप वर्गात जास्त चालतं, 'वाय इज इक्वल टू एमएक्स प्लस सी' असं एका सुरात म्हटलं जातं. ते कामाचं आहेच, कारण त्यात चढ (म) आणि एक अंतःखंड (क) समोरासमोर मिळतात. पण क्षचा अंतःखंड त्यात दडलेला राहतो, तो मुद्दाम बाहेर काढावा लागतो. छेदांचं रूप दोन्ही टोकं दाखवतं आणि चढ दडवतं. तोही काढायचा तर वजा य-अंतःखंड भागिले क्ष-अंतःखंड. मेणबत्तीचा पडताळा घ्या: वजा १८ भागिले ३६०, वजा ०.०५. एकच रेषा, पण प्रत्येक रूप तिची वेगळी बाजू उजेडात आणतं. कुठलं रूप घ्यायचं हे आपण तिला काय विचारणार आहोत त्यावर ठरतं.

छेदांच्या रूपाला एक रेषा मात्र कधीच जुमानत नाही, आरंभबिंदूतून जाणारी. तिचे दोन्ही अंतःखंड शून्य, आणि शून्याला छेदात बसवता येत नाही. अशी रेषा काढताना अंतःखंडांवर विसंबलं तर हाती एकच बिंदू लागतो आणि मूल गोंधळून बसतं. तिथे दुसरा बिंदू आपला आपण निवडायचा, क्षला सोयीची कुठलीही किंमत द्यायची.

आडव्या-उभ्या रेषांबद्दलही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण इथे आपली भाषाच थोडी फसवते. य = ५ ही आडवी रेषा, तिचा चढ शून्य आहे. क्ष = ५ ही उभी, तिला चढ नाही. 'चढ शून्य' आणि 'चढ नाही' हे कानाला एकच वाटतं, आणि आहे अगदी वेगळं. आडव्या रेषेवर चालताना वर-खाली होत नाही, मोजलं तर शून्य येतं. उभ्या रेषेवर तुम्ही उजवीकडे सरकतच नाही, मग 'उजवीकडे सरकल्यावर किती वर गेलात' हा प्रश्नच उभा राहत नाही. छेदात शून्य येतं आणि भागाकार थांबतो. त्याला अव्याख्येय म्हणतात. मी मुलांना 'चढ नाही' असं म्हणूच देत नाही, शून्य की अव्याख्येय ते स्पष्ट बोलायला लावते.

समीकरणातून रेषा आणि रेषेतून समीकरण ही ये-जा आज इतकी सवयीची झालीय की ती कधीतरी नव्हती हे खरंच वाटत नाही. १६३७ साली देकार्त ह्या फ्रेंच गणितज्ञाचा भूमितीवरचा ग्रंथ छापला गेला. त्याच सुमारास फर्मा ह्या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञानं स्वतंत्रपणे हाच विचार लिहून काढला होता, आणि पहिल्या घाताचं समीकरण सरळ रेषा देतं हे त्यात स्वच्छ मांडलेलं होतं. पण फर्माचं ते लिखाण छापून आलं १६७९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. ज्ञात राशींना वर्णमालेतली सुरुवातीची अक्षरं आणि अज्ञातांना शेवटची, ही पद्धत देकार्तची. आपण तिथल्या शेवटच्या अक्षरांपैकी 'एक्स'च्या जागी 'क्ष' बसवला, आणि तो इतका मुरला की क्ष-किरणांतही तोच आला, कारण १८९५ साली रॉन्टगेनला सापडलेले ते किरण अज्ञात होते. चढासाठी 'एम' हे अक्षर इंग्रजी पुस्तकांत १८४४ साली ओब्रायनच्या ग्रंथात दिसतं. म्हणजे रेषेचं हे समीकरण दोनशे वर्षं वापरात होतं आणि त्याचं आजचं ओळखीचं रूप बरंच नंतर बसलं.

माझा जीव मात्र ह्या इतिहासापेक्षा दुसऱ्याच दोन गोष्टींत अडकलेला आहे. एकीत सगळं रहस्य अंतःखंडात होतं, दुसरीत चढात.

पहिली वायूंची. वायू दाब तोच ठेवून तापवला की तो पसरतो. ० अंश सेल्सिअसला २७३ मिलिलिटर असलेला वायू १०० अंशाला साधारण ३७३ मिलिलिटर होतो. आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर आकारमान घेतलं तर हे दोन बिंदू झाले, आणि चढ आला १. दर अंशाला एक मिलिलिटर. य-अंतःखंड २७३. आता दुप्पट वायू घ्या: ५४६ चे ७४६ होतात, चढ २. अर्धा घ्या, चढ अर्धा. तेवढ्याच वजनाचा दुसरा वायू घ्या, पुन्हा वेगळी रेषा. प्रत्येकीचा चढ वेगळा, उभ्या अक्षावरची जागा वेगळी.

पण त्या सगळ्या रेषा मागे, डावीकडे वाढवत न्या. यला शून्य करा. क्ष + २७३ = ० मधून क्ष = −२७३ येतो. २क्ष + ५४६ = ० मधूनही क्ष = −२७३ च. सगळ्या रेषा आडव्या अक्षाला एकाच जागी छेदतात, जणू त्या बिंदूतून पंख्याच्या काड्यांसारख्या फाकल्यात. तेच निरपेक्ष शून्य. आजच्या मोजमापात ते −२७३.१५ अंश सेल्सिअस आहे, आणि त्याखाली तापमान नाही.

तिथे कुठलाही वायू कधी पोहोचलेला नाही. नेहमीच्या दाबाला ऑक्सिजन −१८३ अंशांवर द्रव होतो, नायट्रोजन −१९६ वर, सगळ्यांत चिवट हेलियम −२६९ वर, आणि तो द्रवरूपात आणायला १९०८ साल उजाडावं लागलं. वायू वाटेतच संपतो, पण त्याची रेषा पुढे जाते, आणि जिथे ती शून्याला टेकते तो आकडा खरा निघतो. कोणी न गेलेल्या जागेचा पत्ता नुसत्या पट्टी-पेन्सिलीनं लागावा, ह्याचं मला आजही भरून येतं.

यात एक बारकावा आहे. १८०२ साली गे-ल्युसॅकनं अनेक वायू मोजून दाखवलं की ० पासून १०० अंशांपर्यंत ते सगळे सारख्याच प्रमाणात पसरतात, आणि त्याचा आकडा होता १०० चे १३७.५. त्याच्या ह्या आकड्यावरून रेषा मागे नेली तर चढ ०.३७५ आणि क्ष-अंतःखंड वजा १०० भागिले ०.३७५, म्हणजे जवळजवळ −२६६.७ येतो. आजचा आकडा १०० चे साधारण १३६.६. चढात जेमतेम ०.००९ चा फरक, आणि अंतःखंड साडेसहा अंश सरकला. मोजलेले बिंदू ० आणि १०० च्या मध्ये, आणि छेद पार पावणेतीनशे अंश मागे. जवळच्या बिंदूंवर पट्टी किंचित हलली तरी लांबचं टोक भरपूर हलतं. अंतःखंड जितका दूर, तितका चढ काटेकोर हवा. हे मुलांना दाखवायला तर नुसती पट्टी पुरते, एका टोकाला बोटानं दाबायचं आणि दुसरं टोक बघायचं.

१८४८ साली विल्यम थॉमसननं, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिननं, निरपेक्ष तापमापनाची कल्पना मांडली. आज केल्व्हिन मापनात शून्य त्या छेदबिंदूवरच आहे. रेषेच्या भाषेत बोलायचं तर आरंभबिंदू उचलून २७३.१५ घरं डावीकडे नेऊन ठेवला. त्यानं चढांना धक्काही लागला नाही, पण सगळे अंतःखंड शून्य झाले आणि य = मक्ष + क मधला क गळून नुसतं य = मक्ष उरलं. अंतःखंड हा नेहमी आपण शून्य कुठे धरलं त्यावर अवलंबून असतो. चढाला त्याचं सोयरसुतक नाही.

दुसरी गोष्ट नेमकी उलट आहे. धातूवर प्रकाश पडला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. १९०५ साली आइन्स्टाइननं म्हटलं की प्रकाशाची वारंवारता आणि सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनची जास्तीत जास्त ऊर्जा यांचं नातं सरळ रेषेचं आहे, आणि त्या रेषेचा चढ प्रत्येक धातूसाठी एकच, प्लांकचा स्थिरांक नावाचा निसर्गातला एक ठरलेला आकडा. रॉबर्ट मिलिकन ह्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाचा ह्या कल्पनेवर विश्वास नव्हता. ती खोडून काढावी म्हणून त्यानं वर्षानुवर्षं प्रयोग केले. धातूच्या पृष्ठभागावर हवेनं पुट चढतं आणि मोजमाप बिघडतं, म्हणून त्यानं निर्वात काचपात्राच्या आतच सुरी बसवली आणि बाहेरून चुंबकानं ती फिरवून सोडियम, लिथियम असे धातू आतल्या आत तासून ताजे केले. मग एकेका रंगाचा प्रकाश टाकायचा, इलेक्ट्रॉन थोपवायला किती व्होल्टेज लागतं ते बघायचं, आलेखावर एक ठिपका द्यायचा. १९१६ साली त्यानं निष्कर्ष प्रसिद्ध केले. ठिपके रेषेतच होते.

इथे धातू बदलला की रेषा सरकते. आडव्या अक्षाला ती जिथे छेदते ती त्या धातूची उंबरठा वारंवारता, तिच्याहून कमी वारंवारतेचा कितीही झगझगीत प्रकाश टाका, इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाही. प्रत्येक धातूचा उंबरठा वेगळा. पण रेषा एकमेकींना समांतर, कारण चढ एकच. त्या चढावरून मिलिकननं काढलेला प्लांकचा स्थिरांक आजच्या मूल्याच्या एक टक्क्याच्या आत आहे. जी कल्पना पाडायला तो निघाला होता ती त्याच्याच हातून पक्की झाली.

वायूंच्या रेषांत चढ ज्याचा त्याचा होता आणि छेद सगळ्यांचा एक. धातूंच्या रेषांत छेद ज्याचा त्याचा आणि चढ सगळ्यांचा एक. मी हे दोन आलेख शेजारी शेजारी काढून कितीतरी वेळ बघत बसलेली आहे. एकात पंखा, दुसऱ्यात समांतर रेघा. कुठली गोष्ट त्या वस्तूची आहे आणि कुठली सबंध सृष्टीची, हे त्या दोन आकृत्यांत उघड्या डोळ्यांनी दिसतं. शाळेत 'चढ व अंतःखंड काढा' ह्या प्रश्नाला दोन गुण असतात. दोन आकडे लिहिले की पुढच्या प्रश्नाकडे. त्यातला 'व' मला फार मोठा वाटतो. ते दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि कुठल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला हवंय हे आधी ओळखावं लागतं.

हे सगळं त्या संध्याकाळी मी भाचीला सांगितलं नाही. पंख्याची आकृती तेवढी काढून दाखवली, तिला ती आवडली. मधूनमधून आम्ही मेणबत्ती मोजत होतो. सातला १२ सेंटिमीटर, रेषेवर. आठला ९ च्या किंचित खाली, नऊला ६ च्या किंचित वर. खरी मापं रेषेच्या आसपासच घुटमळतात, तिच्यावर तंतोतंत बसत नाहीत. अशा विखुरलेल्या ठिपक्यांतून सगळ्यांत योग्य रेषा कशी निवडायची त्याची पद्धत लजांद्रनं १८०५ साली छापली. आम्ही पारदर्शक पट्टी वापरली, ठिपके दोन्हीकडे सारखे पडतील अशी सरकवून पाहिली, आणि पहिलीच रेष चांगली होती असं ठरलं.

तिनं एक प्रश्न विचारला होता, जो मी त्या वयात विचारायला हवा होता. "रेष अकराच्या पुढे खाली जाते ना? मग मेणबत्ती वजा होते का?" रेषेला मेणबत्ती ठाऊक नसते, मी म्हटलं. पेटवायच्या आधी, डावीकडे, तीच रेष १९ सेंटिमीटरची मेणबत्तीही दाखवते. रेष दोन्हीकडे अमर्याद जाते. आपली गोष्ट त्यातल्या दोन छेदांच्या मधली. तळाशी जाड होत जाणारी मेणबत्ती असती तर मधेही रेष सरळ राहिली नसती, कारण मेण जळण्याचा वेग साधारण तोच राहिला तरी जाड भागात उंची सावकाश घटते. आपली सगळीकडे सारखी जाड होती म्हणून हे जमलं.

दहा वाजता तिला झोप आवरेना. उंची तीन सेंटिमीटर मोजली, ठिपका दिला आणि ती आत गेली. मी बसून राहिले. दहा चाळीसला वात वितळलेल्या मेणात कलंडली, ज्योत एकदा उंच झाली आणि विझली. रेषेप्रमाणे अजून एक सेंटिमीटर उरायला हवा होता. बशीत पसरलेलं मेण पट्टीनं पाहिलं तर जेमतेम चार मिलिमीटर होतं.

सकाळी तिनं उठल्या उठल्या आकडा विचारला. ३४० मिनिटं, ०.४ सेंटिमीटर. तिनं ठिपका दिला, तो रेषेच्या खाली पडला. खोडरबर हातात घेतलं होतं, ते खाली ठेवलं. रेष तशीच ३६० ला जाऊन भिडू दिली, आणि त्या ठिपक्याशेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं, 'इथे वात पडली'.